मेलेला माणूस उभाच समजायचा

सुग्रीवनं माझी कॉलर धरली तेव्हा दुपारचे बारा वाजत होते आणि औषधांच्या खिडकीपुढं वीस-पंचवीस पेशंट रांगेत उभे होते. त्यानं खिडकीतून हात आत घातला, मला पुढं ओढलं आणि माझं कपाळ लोखंडी जाळीवर आपटलं. त्याच्या दुसऱ्या हातात घामानं मऊ झालेला एक कागद होता. "वाचा," तो म्हणाला. "यात काय लिव्हलंय ते आत्ताच्या आत्ता वाचा."

मी सोमेश्वर. बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं औषधं वाटली. हुद्दा फार्मासिस्टचा, पण गाव मला कंपौंडरच म्हणायचं. सुग्रीव त्याच दवाखान्यातला चतुर्थ श्रेणी कर्मचारी होता. मेंढपाळाच्या घरातला, नववी नापास, सहा फूट उंच. मागच्या बाजूला लिंबाखाली जी पत्र्याची खोली आहे तिथं तो पोस्टमार्टेमला मढी उघडायचा. आधीचा माणूस दारू पिऊन मेला आणि ती जागा कुणी घेईना. सुग्रीवनं घेतली. लहानपणापासून मेंढरं सोललेल्या माणसाला काय भीती, असं तो म्हणायचा.

कागद त्याच्या धाकट्या भावाच्या, अजिनाथच्या पोस्टमार्टेमचा होता. अजिनाथ कडा गावाच्या पुढं मेंढरं घेऊन गेला होता. एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली, पहाटे दहा-बारा मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात घुसल्या. शेजारचे चौघे भाऊ काठ्या घेऊन आले. अजिनाथला त्यांनी इतकं मारलं की त्याचा एक डोळा गालावर आला होता. तिकडच्या कुठल्याशा दवाखान्यात मढं उघडलं गेलं, खटला उभा राहिला आणि दोन वर्षांनी चौघेही सुटले. या दोन वर्षांत तो कागद सुग्रीवच्या खिशात होता. त्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं.

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं की या जखमा उंचावरून खडकावर पडल्यानं झालेल्या दिसतात.

सुग्रीवनं कॉलर सोडली. मग रांगेतल्या लोकांसमोर त्यानं बाकड्यावर अशी मूठ मारली की फळी मधोमध फुटली. म्हातारी माणसं पळाली. त्यानं मला सांगितलं की मढं धुताना त्यानं स्वतः पाहिलं होतं, पाठीवर दुहेरी वळ होते. काठी बसली की दोन रेघा उठतात आणि मधली जागा पांढरी राहते. दगडाचा वळ तसा कधी उठत नाही. हे मेंढरं राखणारं शेंबडं पोर सांगेल आणि डॉक्टरला कळलं नाही. कळलं असेलही, पण कागदावर आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा राग आला होता, माझं कपाळ सुजलं होतं.

संध्याकाळी तो परत आला, माफी न मागता खाली बसला. डॉक्टर लोक लिहितात ती भाषा कुठली, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, इंग्रजी आणि त्यात निम्मे शब्द लॅटिन. लॅटिन कुणाची, त्यानं विचारलं. कुणाचीच नाही, मी म्हणालो, बोलणारे सगळे मेले.

"मग ती माजीच हाय," सुग्रीव म्हणाला. "मला शिकवा."

आता माझं लॅटिन म्हणजे काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तेव्हाच्या औरंगाबादला डिप्लोमा करताना जुन्या चिठ्ठ्या वाचण्यापुरतं आम्हाला शिकवलं होतं. अँटे सिबम म्हणजे जेवणाआधी, पोस्ट सिबम म्हणजे जेवणानंतर. पर ऑस, तोंडावाटे. सब लिंग्वा, जिभेखाली. कम अक्वा, पाण्याबरोबर. एवढ्या पुंजीवर मी गुरुजी झालो. माझ्याकडं शरीरशास्त्राचं एक फाटकं पुस्तक होतं, त्यातून नावं काढायची, रोज पाच. ऑस म्हणजे तोंड तसंच हाडही, कॉस्टा म्हणजे बरगडी, पुल्मो फुप्फुस, कॉर काळीज, रेन मूत्रपिंड, लिएन प्लीहा, कोल्लम मान, कापुट डोकं, क्युटिस कातडी, सँग्विस रक्त. हाताला मानुस म्हणतात हे ऐकून तो पहिल्यांदा हसला आणि मग माणसाला काय म्हणतात असं त्यानं विचारलं.

नावं त्याला दोन महिन्यांत आली. येणारच होती, त्या प्रत्येक वस्तूला त्याचा हात लागलेला होता. मी 'रेन' म्हटलं की तो डोळे मिटून तळहात वाकवायचा, जणू ते त्याच्या मुठीत आहे. खरं घोडं अडलं ते वर, खाली, मध्ये, आत, बाहेर या बारक्या शब्दांवर. हे शब्द हातात धरता येत नाहीत. मी ते पाठ करून घ्यायचो, तो दुसऱ्या दिवशी विसरायचा आणि चिडून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा, हलकी नाही, पाच बोटं उठतील अशी.

शेवटी त्यानंच वाट काढली. मला तो त्याच्या वाड्यावर घेऊन गेला. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याकुपाटीचं कुंपण. हातात काठी घेऊन तो मेंढरांत घुसला. काठी मेंढीच्या पोटाखालून घातली: सब. दोन मेंढ्यांच्या मधून: इंटर. कुंपणाच्या आत: इंट्रा. एकीला शिंगाला धरून बाहेर फेकली: एक्स. पिलासकट मेंढी: कम. मग त्यानं पिलू ओढून घेतलं, काखेत दाबलं, आणि ती आई ओरडत त्याच्या मांडीला धडका देत राहिली, तो म्हणत राहिला: सिने, सिने, सिने. मला ते बघवेना. मी म्हणालो, सोड त्याला, पाठ झालं. तो म्हणाला, अजून न्हाई झालं. मेंढीच्या ओरडण्यानं कळप उधळला तेव्हा कुठं त्यानं पिलू सोडलं. पण तो शब्द तो पुन्हा कधी विसरला नाही.

मेंढरांवर शिकल्यामुळं एक घोटाळा मात्र झाला. मेंढपाळाला जनावर चार पायांवर दिसतं. त्याच्या लेखी पुढं म्हणजे डोक्याकडं, वर म्हणजे पाठीच्या कण्याकडं, खाली म्हणजे पोटाकडं. माणसाच्या मढ्यावरही तो तसंच बोलू लागला. आमच्याकडं पद्धत अशी की उघडणारा माणूस टेबलापाशी, डॉक्टर दाराजवळ नाकाला रुमाल लावून. उघडणारा ओरडून सांगणार, डॉक्टर लिहिणार. कागदावर सही डॉक्टरची, पण डोळे आणि हात आमच्या सुग्रीवचे. अशी पद्धत असू नये, हे मलाही कळतं, पण होती. तेव्हाचे डॉक्टर चिडखोर होते. पोटातली जखम सुग्रीवनं 'इन्फ्रा', म्हणजे खाली, अशी सांगितली, डॉक्टरांनी ती कमरेखाली लिहिली, नंतर चूक कळली आणि त्यांनी सुग्रीवला सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली. सुग्रीवनं हातातलं स्टीलचं भांडं त्यांच्या डोक्याच्या बाजूनं भिंतीवर असं फेकलं की भिंतीचा गिलावा पडला. पंधरा दिवस त्याला घरी बसवलं.

त्या पंधरा दिवसांत मी त्याला भिंतीला टेकवून उभा केला, शर्ट काढायला लावला आणि जांभळ्या औषधानं त्याच्या अंगावर रेघा मारल्या. डोक्याकडं ते सुप्रा, पायांकडं ते इन्फ्रा, छातीची बाजू पुढची, पाठ मागची. तळहात समोर. टेबलावर मढं उताणं असो, पालथं असो, की तुकड्यांत असो, हिशोब एकच, मेलेला माणूस उभाच समजायचा. कावून, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, नियम आहे. नियमाला कारण नसतं असं समजणारा मी सरकारी माणूस. तो चार दिवस विचार करत होता. पाचव्या दिवशी खिडकीपाशी येऊन म्हणाला, "बरा हाय नियम. आडव्या माणसावर कुणीबी पाय देतं."

नंतरची चार वर्षं त्यानं कोयत्यानं तोडलेली, ट्रॅक्टरखाली चिरडलेली, विष घेतलेली, बांधावरून भांडून कुऱ्हाडीनं फोडलेली माणसं उघडली. आमच्या भागात बळी तो कान पिळी, आणि पिळलेले कान शेवटी त्याच्या टेबलावर यायचे. त्याचा राग कमी झाला नाही, वाढलाच. मारलेल्या बाईचं मढं आलं की तो काम संपवून लिंबाला लाथा घालायचा. पण टेबलावर त्याचा आवाज सरळ असायचा. आणि एक गोष्ट त्याला मी शिकवली नव्हती, ती त्याच्या घरचीच होती: "जित्या जनावराला मार लागला तर मासात रगत धरतं. मेल्यावर हाना, न्हाई धरत." पुस्तकात यालाच अँटे मॉर्टेम आणि पोस्ट मॉर्टेम म्हणतात, मरणाआधीचं आणि मरणानंतरचं, एवढंच मी सांगितलं. तो ओरडायचा, अँटे, आणि डॉक्टर लिहायचे. त्याला एवढंच हवं होतं. हाताला जे लागलं ते कागदावर यावं.

मग योगिता आली.

योगिता सुंदररावांची सून. सुंदरराव म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, जमीनदार, राजकारणी, दवाखान्याच्या प्रत्येक उद्घाटनाला हजर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. योगिताची आई साखराबाई विधवा, तिला हीच एक मुलगी आणि सहा एकर जमीन. ती जमीन नवऱ्याच्या, म्हणजे सुरजच्या नावावर करून द्यायला योगितानं नकार दिला होता, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सकाळी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं घरचे म्हणाले. लग्नाला सात वर्षं उलटून गेली होती; त्याच्या आत सून मेली असती तर चौकशीला तहसीलदार आला असता, आता कुणी आलं नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायची गरज नाही, इथंच लवकर उरका, असं भाऊंनीच ठरवलं.

डॉक्टर होत्या स्वप्नाली मॅडम. वय सव्वीस, अंबाजोगाईहून शिकून नुकत्याच आलेल्या, तिसरा महिना. भाऊंचा पुतण्या पप्पू सकाळीच त्यांच्या टेबलासमोर खुर्ची उलटी करून बसला. त्यानं दमदाटी केली नाही, फक्त मॅडमचं गाव, वडिलांचं दुकान, धाकटी बहीण कुठल्या कॉलेजात जाते, हे सगळं त्यांना सांगितलं. नंतर तो लिंबाखाली आला आणि पत्र्याच्या खोलीच्या खिडकीत कोपरं टेकवून उभा राहिला. त्या खिडकीला काच नव्हती. शेजारी त्याची तीन माणसं होती. सुग्रीवसाठी त्यांनी बाटली आणली होती. सुग्रीवनं ती घेतली आणि दगडावर फोडली.

पप्पू म्हणाला, "फोड. पण वरडताना ध्यान ठेव बे. आमी ऐकतोय."

मी आत होतो, कारण व्हिसेराच्या, म्हणजे तपासायला पाठवायच्या अवयवांच्या बाटल्या आणि मिठाचं पाणी देणं माझं काम. साखराबाई बाहेर भिंतीला डोकं आपटत होती, एका लयीत, आणि तो आवाज पत्र्यातून आत येत होता. मॅडम दाराजवळ, हातात पेन.

सुग्रीवनं मान उघडली. मी लांबून पाहिलं आणि मलाही कळलं. कातडी उलटल्यावर खाली काळपट लाल, बोटांच्या आकाराचं, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. त्यानं श्वासनळी उभी चिरली. आत चिखल नाही, शेवाळ नाही, फेस नाही, कोरडी. फुप्फुसं चिरली, तीही कोरडी. गळ्यातलं नालाच्या आकाराचं हाड त्यानं दोन बोटांत धरलं आणि ते मधे हललं.

त्यानं मराठीत तोंड उघडलं असतं तर पप्पूनं तिथंच खोलीत शिरून कागद फाडला असता, आणि मॅडमना पुन्हा लिहायला लावलं असतं. हे आम्हा तिघांना एकाच वेळी कळलं. सुग्रीवनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. नंतर तो बोलू लागला, नेहमीच्याच मोठ्या आवाजात.

"कोल्लम. सब क्युटे, सँग्विस. डेक्स्ट्रा चार, सिनिस्ट्रा एक. ऑस हायॉइडियम, फ्रॅक्चुरा. अँटे मॉर्टेम. ट्रेकिया, सिने अक्वा. पुल्मो, सिने अक्वा. पोस्ट मॉर्टेम, इन अक्वा."

व्याकरणानं ते लॅटिन धड नसेल. पण त्याचा अर्थ असा होता की मानेच्या कातडीखाली रक्त धरलंय, उजवीकडं चार बोटं, डावीकडं एक, गळ्यातलं हाड मोडलंय, हे सगळं ती जिवंत असताना. आणि श्वासनळीत, फुप्फुसात पाणी नाही, म्हणजे पाण्यात ती गेली ती मेल्यावर. मॅडमनी एकदा डोळे मिटले. मग पेन चालायला लागलं. पप्पूनं खिडकीतून विचारलं, हे काय बोलतोय. मॅडम वर न बघता म्हणाल्या, अवयवांची नावं घेतोय, असंच लिहायचं असतं. त्यांचा आवाज इतका कोरडा आला की मला त्या पोरीचा अभिमान वाटला. आणि स्वतःची लाज वाटली, कारण मी अजून मान खालीच घातलेली होती.

पण मॅडमनी शेवटचा रकाना भरला नाही. मरणाचं कारण: अभिप्राय राखून ठेवला. सापडलं ते सगळं लिहिलं, पण निष्कर्ष पुढं ढकलला. मी त्यांना दोष देत नाही. धाकट्या बहिणीचं कॉलेज पप्पूला माहीत होतं.

आठव्या दिवशी बीडला कुणीतरी जाणत्यानं भाऊंना तो कागद वाचून दाखवला. त्यानंतर पप्पू पहिल्यांदा माझ्याकडं आला. औषधांच्या खोलीत शिरून त्यानं कपाटातल्या सलाइनच्या बाटल्या एकेक करून खाली टाकल्या, माझ्याकडं बघत, सावकाश. ही भाषा सुग्रीवला कुणी शिकवली, त्यानं विचारलं. मला माहीत नाही, मी म्हणालो. माझी नोकरी दीड वर्ष राहिली होती. हे कारण मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय आणि एकदाही पटलेलं नाही.

भाऊंनी मॅडमना फोन केला. वाट त्यांनीच दाखवली: मदतनीसानं दारूच्या नशेत चुकीचं सांगितलं, असं एक पत्र लिहायचं, आणि कारणाच्या रकान्यात बुडून मृत्यू. सुग्रीवनंही तसा जबाब द्यायचा. म्हणजे मॅडमही सुटतील, सुग्रीवही. मॅडमनी ते पत्र लिहिलं. मी ते त्यांच्या ड्रॉवरमध्ये पाहिलं, फक्त सही बाकी होती. सुग्रीवकडं माणसं दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा एकाचं मनगट पिरगाळून त्याला वाड्याच्या काट्यांत फेकलं. मी त्याला म्हणालो, दे बाबा जबाब, मेलेली पोर परत येणार आहे का. तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा कॉलर धरली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यानं नुसतं सांगितलं की अजिनाथच्या वेळी कुणीतरी असंच म्हणालं असणार.

नेकनूरच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, शेळ्या-मेंढ्यांच्या ओळीत त्यांनी त्याला गाठलं. शेकडो माणसं होती. पप्पू आणि चौघे, दोन लोखंडी गज, एक कोयता. पहिला गज कानामागं बसला. सुग्रीव पडला नाही. त्यानं एकाचा गळा धरला आणि त्याचं नाक डोक्यानं फोडलं, दुसऱ्याला उचलून मेंढरांवर आपटलं. मग गुडघ्यावर गज बसला आणि तो खाली आला. लाथा, गज, लाथा. पप्पू वाकून विचारत होता, बोल, नशेत होतो म्हण. सुग्रीव थुंकला. तेव्हा पप्पूनं त्याचा उजवा हात मेख ठोकायच्या दगडावर ठेवला आणि कोयत्याच्या उलट्या बाजूनं एकेक बोट ठेचलं. आडवा आला नाही कुणी. नंतर दोघा व्यापाऱ्यांनी त्याला पिकअपमध्ये घातलं, हे मला त्यांनीच सांगितलं.

आमच्या दवाखान्यात त्याला आणलं तेव्हा मॅडम एकट्या ड्यूटीवर होत्या. त्यांनी सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला, एकशे आठला फोन केला. अंबाजोगाईला हलवावं लागणार होतं आणि गाडी यायला चाळीस मिनिटं होती. तेवढ्यात हवालदार आला. मोटारसायकलवरून पडला, तसं लिहा मॅडम, म्हणाला. त्याच्यामागं दारात पप्पू येऊन उभा राहिला होता, रक्ताचे डाग पडलेला शर्टही न बदलता. मॅडमनी जखमांचं पुस्तक उघडलं आणि पेन हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

सुग्रीवचे पुढचे दात नव्हते. त्यानं ऑक्सिजनचा मास्क डाव्या हातानं खाली ओढला.

"लिव्हा मॅडम," तो म्हणाला. "कापुट. डावा कान, सुप्रा, चार बोटं लांब. हाड उघडं हाय."

तो टेबलावर पडलेला होता आणि त्या उभ्या. चार महिने त्या त्याच्या आवाजावर लिहीत आल्या होत्या. हात आपोआप चालायला लागला.

"कॉस्टा सिनिस्ट्रा. पाच, सहा, सात. सहावी इंट्रा घुसलीय, श्वासाला टोचतीय. जेनू, उजवा, वाटी फुटली. मानुस डेक्स्ट्रा, डिजिटस, चारी बोटं. पाठीवर दुहेरी वळ, गजाचं. सब क्युटे, सँग्विस."

पप्पू आत यायला निघाला. हवालदार त्याला धरेना, बघत राहिला. मी त्याच्या आडवा गेलो. मोठं शौर्य केलं असं समजू नका, त्यानं ढकलल्याबरोबर मी स्टूलवर पडलो. पण स्टूल त्याच्या पायात आलं आणि वऱ्हांड्यातले पेशंट उठून दाराशी आले. साखराबाईही त्यांच्यात होती, ती रोज दवाखान्यात येऊन बसायची. तिनं पप्पूच्या तोंडात चप्पल मारली. एकदा नाही, तो वळेपर्यंत मारत राहिली. मग गर्दीनं त्याला बाहेर ढकललं, आणि हवालदाराला आता त्याला धरल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

इतकं होईपर्यंत सुग्रीव थांबला होता. त्याचं पोट घट्ट व्हायला लागलं होतं. त्यानं डाव्या हाताची बोटं बरगड्यांखाली टेकवली आणि दाबून बघितलं, टेबलावर दुसऱ्याचं बघायचा तसंच.

"लिएन," तो म्हणाला. "फुटलीय. लाथ बसलेल्या मेंढीचं असंच हुतं. लिव्हा. समदं अँटे मॉर्टेम."

मॅडमनी पेन थांबवलं. त्या रडत होत्या. त्यांनी त्याला सांगितलं की असं जिवंत माणसाच्या कागदावर लिहीत नाहीत, तुम्ही बरे होणार आहात, गाडी येतेय.

"लिव्हा मॅडम. मी हाय तवर लिव्हा."

त्यांनी लिहिलं.

मग ड्रॉवरमधलं ते पत्र काढून त्यांनी फाडलं, आणि योगिताच्या कागदावर राहिलेला रकाना त्याच टेबलावर, त्याच पेनानं भरला: गळा दाबल्यानं मृत्यू. गाडी आली. मी सुग्रीवबरोबर गेलो. घाटात त्यानं एकदा डोळे उघडले आणि मेंढरं कुणी आत घेतली का विचारलं. मी हो म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी दोन दिवस झुंज दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

सुरजला जन्मठेप झाली, पप्पूलाही. भाऊ अजून उद्घाटनांना जातात. मॅडमनी बदली मागितली नाही, पूर्ण मुदत आमच्याकडंच काढली, आणि त्यानंतर प्रत्येक मढ्याजवळ स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या, रुमाल न लावता. पप्पूच्या वकिलानं कोर्टात खूप आरडाओरडा केला. बरगड्या अंबाजोगाईच्या रस्त्यात गाडीच्या धक्क्यांनी मोडल्या असतील, प्लीहा उपचार करताना फाटली असेल, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी जखमांचं पुस्तक मागवलं. त्या पानावर शेवटच्या ओळीत दोन लॅटिन शब्द आहेत, अँटे मॉर्टेम, खाली मॅडमची सही, तारीख आणि वेळ, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, गाडी येण्याच्या आधीची. हे शब्द जिवंत माणसाच्या कागदावर कुणाच्या सांगण्यावरून लिहिले, असं वकिलानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, ज्याच्या जखमा होत्या त्याच्या.